सापाचं पिल्लू जेवत नाही तेव्हा...



गेल्या पावसाळ्यात माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा दप्तराऐवजी बिस्किटाची प्लास्टिकची बरणी घेऊन शाळेत आला. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत ओलं गवत आणि गवतात पेन्सिलीपेक्षाही बारीक असं सापाचं पिल्लू. मी दचकलेच. पण तो मात्र रडवेला झाला होता. "बाई, दोन दिवस झाले, हा काहीच खात नाही. दूध दिलं, पाव दिला, भात पण दिला."

मी आधी मुलांना लांब केलं, बरणी टेबलावर ठेवली आणि गावातल्या सर्पमित्रांना फोन लावला. ते पिल्लू दिवडाचं निघालं, म्हणजे बिनविषारी पाणसाप. त्याच दुपारी वन विभागाला कळवून त्यांनी ते ओढ्याकाठी सोडलं. प्रसंग संपला, पण त्या मुलाचा प्रश्न काही संपला नाही. "तो का खात नव्हता?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "घाबरला असेल" एवढंच म्हणाले. (ते उत्तर अगदीच चूक नव्हतं हे नंतर कळलं.)

पुढे दोनेक महिन्यांनी हाच प्रश्न मला सातासमुद्रापलीकडून आला. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या दहा वर्षांच्या मुलीसाठी घरात एक कॉर्न स्नेक आणला होता. व्हिडिओ कॉलवर भाची म्हणाली, "मावशी, शेवई आज पण जेवली नाही." शेवई हे सापाचं नाव! बारीक, केशरी, वळवळणारी, म्हणून शेवई. तिला आणून तीन आठवडे झाले होते आणि पोटात कण नव्हता.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हा लेख मुलंही वाचतील. आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो बिनविषारी का असेना, घरात पाळायचा नाही. भारतातल्या सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षण आहे. त्यांना पकडणं, बरणीत ठेवणं हा गुन्हा आहे. आमच्या बरणीवाल्या मुलाला हे माहीत नव्हतं, त्यात त्याचा दोष नाही. आता माहीत आहे. शाळेत किंवा घरी साप दिसला तर सर्पमित्र किंवा वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक. आणि पिल्लू आहे म्हणून हातात घ्यायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची पिल्लं जन्मल्या दिवसापासून विषारी असतात.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, शांत आणि पिंजऱ्यात पैदास होणारा, त्यामुळे तिकडे कुत्र्या-मांजरासारखा तो पाळीव प्राणी झाला आहे. तिथे १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. म्हणजे साप भाचीचा म्हटला तरी कायद्याने जबाबदारी तिच्या आई-बाबांची. ही गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडे जत्रेत रंगवलेली कोंबडीची पिल्लं मुलांच्या हातात देतात आणि ती चार दिवसांत मरतात, तेव्हा कोणीच जबाबदार नसतं.

असो. तर शेवई.

मी काय सल्ला दिला असेल? शाळेत पोषण आहाराच्या वेळी न जेवणाऱ्या मुलांना बसवून बसवून खायला घालणारी मी बाई. मी म्हटलं, "रोज दोन वेळा समोर ठेव, आज ना उद्या खाईल." भाचीने तसंच केलं. सकाळी शाळेत जाण्याआधी झाकण उघडायचं, चिमट्याने उंदराचं पिल्लू शेवईच्या नाकासमोर हलवायचं, ती मागे सरकली की अजून जवळ न्यायचं. संध्याकाळी परत तेच. मधेच हातात घेऊन लाड. आठवडाभर हा प्रकार चालला आणि शेवई झाकण उघडलं की शेपूट थरथरवायला लागली. कॉर्न स्नेक घाबरला की असं करतो.

सापाच्या बाबतीत हा सल्ला पूर्ण चुकीचा होता. का ते आता सांगते. यातलं बरंचसं मला बहिणीने तिथल्या डॉक्टरांकडून ऐकून सांगितलं, बाकी मी वाचत गेले.

पहिली गोष्ट, साप आपल्यासारखा रोज जेवणारा प्राणी नाहीच. आपण खातो त्यातला मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. सापाला तो खर्च नाही. तो बाहेरच्या उबेवर जगतो. त्यामुळे कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पाच ते सात दिवसांतून एकदा जेवण पुरतं आणि निरोगी पिल्लू काही आठवडे उपाशी राहिलं तरी लगेच मरत नाही. त्यातही नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू शिदोरी घेऊन येतं. अंड्यातला बलक त्याच्या पोटात शोषलेला असतो, त्यावर ते पहिले दिवस काढतं. साधारण आठवडा-दहा दिवसांनी ते पहिली कात टाकतं आणि त्यानंतरच खायला लागतं. त्याआधी कितीही आग्रह करा, उपयोग नाही. पुढेही प्रत्येक कातीच्या आधी डोळे निळसर दुधी होतात, तेव्हा नीट दिसत नाही आणि बरेच साप त्या दिवसांत तोंड फिरवतात. अशा वेळी कात टाकून होईपर्यंत वाट बघायची, बस.

दुसरी गोष्ट भीती. मोकळ्या रानात २०-२५ सेंटिमीटरचं पिल्लू म्हणजे पक्ष्यांचा, मोठ्या सापांचा, मांजरांचा घास. स्वतः घास असलेला प्राणी उघड्यावर बसून जेवणार नाही. शेवईला आणलं ते एका भल्यामोठ्या काचेच्या पेटीत ठेवलं होतं. प्रेमाने हो, "तिला मोठी खोली." पण लपायला फक्त एक नारळाची करवंटी. पिल्लाला लहान खोका चालतो, किंबहुना तोच आवडतो. त्यात दोन लपायच्या जागा हव्यात, एक उबेच्या बाजूला आणि एक थंड बाजूला, अशा अरुंद की अंग चारी बाजूंनी टेकेल. आणि घरी आणल्यावर पहिला आठवडा हातात घ्यायचं नाही, खायला द्यायचं नाही, फक्त पाणी बदलायचं. मूल पहिल्यांदा वर्गात येतं तेव्हा आपण लगेच फळ्यासमोर उभं करतो का? (काही जण करतात, माहीत आहे मला.)

तिसरी गोष्ट ऊब, आणि शेवईचं मुख्य दुखणं तिथेच निघालं. सापाचं पचन बाहेरच्या तापमानावर चालतं. गारठ्यात गिळलेलं पोटात पचण्याआधी कुजू शकतं, म्हणून गारठलेला साप खायचंच टाळतो. कॉर्न स्नेकच्या पेटीची एक बाजू साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरी २२ ते २४ च्या आसपास लागते, म्हणजे तो हवं तिकडे सरकतो. बहिणीच्या घरी खाली हीट मॅट होती, थर्मोस्टॅट होता, दिवा लागत होता. सगळं आहे असं वाटत होतं. डॉक्टरांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "साप जिथे बसतो तिथे तापमान किती?" कोणी मोजलंच नव्हतं. मोजलं तर २३! वर लाकडाच्या भुशाचा जाड थर घातला होता, ऊब वर पोहोचतच नव्हती. थर पातळ केला, थर्मोस्टॅटची तार योग्य जागी ठेवली, दोन दिवसांत उबेची बाजू २९ वर स्थिरावली.

मला वाटतं, न खाणाऱ्या पिल्लाचं निम्मं उत्तर इथेच असतं. अन्नात नाही, घरात असतं. लोक मात्र आधी अन्न बदलत बसतात.

आता अन्नाकडे येऊ. हा भाग सगळ्यात गमतीचा आहे, आणि थोडा किळसवाणाही, तेव्हा जेवता जेवता वाचू नका.

पाळलेल्या कॉर्न स्नेकच्या पिल्लाला उंदराचं नवजात पिल्लू देतात. गुलाबी, केस न आलेलं, दीड-दोन ग्रॅमचं. तिकडे ते गोठवलेलं विकत मिळतं. जिवंत उंदीर देणं टाळतात, एक तर त्या उंदराचे हाल, आणि दुसरं म्हणजे मोठा उंदीर सापालाच चावून जखमी करतो. गोठवलेलं पिल्लू रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून नरम करायचं, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात गरम करायचं, आपल्या अंगाच्या उबेइतकं किंवा किंचित जास्त. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आत शिजतं आणि फुटतं. एकदा नरम झालेलं परत गोठवायचं नाही. आकार सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, फार तर दीडपट.

पण गंमत अशी आहे की रानातलं कॉर्न स्नेकचं पिल्लू उंदीर खातच नाही म्हटलं तरी चालेल. ते खातं छोट्या पाली, सरडे आणि झाडावरचे बेडूक. उंदीर ते मोठं झाल्यावर खातं. आणि साप अन्न ओळखतो वासाने. ती दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर करतो ना, ती हवेतले वासाचे कण गोळा करून टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत नेते. त्या इंद्रियाने "पाल" म्हटलं तर तोंड उघडणार. "उंदीर" म्हटलं तर काही पिल्लांना ते अन्न आहे हेच कळत नाही! आपल्या मुलाला ज्वारीच्या भाकरीची सवय आणि समोर ताटात चिनी काड्या आणि सुशी, असं काहीसं. हट्ट नाही तो, अनोळख आहे.

म्हणून जाणकार मंडळी एकेक पायरीने जातात. घाई करत नाहीत आणि प्रत्येक प्रयत्नानंतर पाच-सहा दिवस पूर्ण शांतता ठेवतात, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

आधी साधा उपाय. संध्याकाळी, दिवे मंद करून, गरम केलेलं पिल्लू सापाच्या लपण्याच्या जागेच्या दाराशी ठेवायचं आणि खोलीतून निघून जायचं. निघून जायचं म्हणजे खरंच जायचं, काचेला नाक लावून बसायचं नाही. सकाळी बघायचं. नाही खाल्लं तर पुढच्या खेपेला भोकं पाडलेल्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात साप आणि उंदराचं पिल्लू दोघांना रात्रभर ठेवायचं, आणि तो डबा त्याच्याच पेटीत उबेच्या बाजूला. लहान जागेत वास दाटतो आणि सापाला सुरक्षित वाटतं. कितीतरी पिल्लं इथेच खायला लागतात.

तरी नाही, तर वास बदलायचा. उंदराचं पिल्लू साध्या पाण्याने धुवायचं, म्हणजे उंदराचा वास कमी होतो, आणि मग त्याला पालीचा वास लावायचा. पाळीव पालीने टाकलेली कात त्यावर चोळली तरी पुरते. रानातली पाल पकडून आणायची नाही, तिच्यातून जंत येतात. पुढची पायरी म्हणजे उंदराच्या डोक्याला छोटा छेद देणं, त्या वासाने काही पिल्लं खातात. भाचीला हे सांगताना बहिणीची पंचाईत झाली. मुलगी म्हणाली, "मी बाहेर जाते, बाबा करू दे."

आणि अगदी शेवटी, तोंड उघडून अन्न आत सरकवणं. हे घरच्यांनी करायचंच नाही. सात ग्रॅमच्या जिवाचा जबडा किती नाजूक असेल? डॉक्टर किंवा वर्षानुवर्षं साप सांभाळलेला माणूस, यांनीच, आणि तेही दुसरं काही उरलं नसेल तर. जबरदस्तीने भरवलेला साप ते बऱ्याचदा ओकून टाकतो, आणि ओकणं पिल्लाला न खाण्यापेक्षा जास्त महागात पडतं. ओकलं तर दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती द्यावी लागते आणि मग आधीपेक्षा लहान घास. चांगलं जेवल्यावरसुद्धा दोन दिवस हात लावायचा नाही, हे त्यासाठीच.

मग काळजी कधी करायची? इथे वजनकाटा कामाला येतो. बहिणीने एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतला. आणलं तेव्हा शेवई ७ ग्रॅम होती. माझ्या वर्गात मी मुलांना विचारलं, ७ ग्रॅम म्हणजे किती रे? मग पाच रुपयाचं नाणं हातात दिलं. ते साधारण ६ ग्रॅमचं. त्याहून जरासा जड एक अख्खा जीव! वर्ग गप्प झाला. दहा टक्क्यांच्या आसपास वजन घटलं तर डॉक्टरांकडे न्यायचं असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ७ चे दहा टक्के ०.७, म्हणून ६.३ ही धोक्याची रेघ. अंग सुरकुतणं, पाठीचा कणा उठून दिसणं, तोंडात फेस किंवा चिकट लाळ, श्वास घेताना आवाज, यातलं काही दिसलं तर मात्र वजनाचीही वाट बघायची नाही.

ज्या दिवशी भाचीने मला ६.४ चा फोटो पाठवला, त्या रात्री मला झोप लागली नाही. सापासाठी म्हणाल तर हो, सापासाठीच. पण जास्त त्या मुलीसाठी. ती रोज वहीत आकडा लिहीत होती. सात, सहा पूर्णांक आठ, सहा पूर्णांक सहा, सहा पूर्णांक चार. आणि पहिला आठवडाभर माझंच ऐकून तिने त्या पिल्लाला सकाळ-संध्याकाळ घाबरवलं होतं. मी तिला फोन करून सांगितलं, "मावशीचं चुकलं." ती म्हणाली, "मग आता काय करायचं?" मोठ्यांनी चूक कबूल केली की मुलं त्यावर रेंगाळत नाहीत, हा माझा वर्गातलाही अनुभव आहे.

करायचं एवढंच होतं की काही करायचं नाही. ऊब दुरुस्त झाली होती, लहान खोका आणला होता, दोन आडोसे केले होते. पेटीवर तीन बाजूंनी कागद लावला. सहा दिवस कोणी झाकण उघडलं नाही, पाण्यापुरतं सोडून. मग डब्यात रात्रभर. सकाळी पिल्लू तसंच. परत पाच दिवस. मग बहिणीच्या ओळखीच्या घरी पाळलेली एक पाल होती, तिची कात मागून आणली, धुतलेल्या पिल्लावर चोळली, डबा बंद केला, दिवे मालवले.

सकाळी डब्यात फक्त शेवई होती. मधोमध फुगलेली.

त्यानंतर दोन-तीन वेळा पालीचा वास लावावा लागला, दर वेळी थोडा कमी. मग नुसता उंदीर चालायला लागला. आता ती आठवड्याला जेवते.

बॉल पायथन नावाचा आफ्रिकन अजगर पाळणाऱ्यांची तक्रार याहून मोठी असते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात राहणारा, त्यामुळे उघड्या पेटीत तो हमखास उपास धरतो. मोठे नर तर प्रजननाच्या काळात महिनोन् महिने खात नाहीत आणि तरी ठणठणीत असतात. त्याच्या ओठांवर उष्णता जाणवणाऱ्या खाचा असतात, म्हणून त्याला घास गरम असणं फार महत्त्वाचं. गार घास त्याला "दिसत"च नाही. पण पिल्लाला मोठ्या नरासारखी चरबी नसते, तेव्हा "बॉल पायथन आहे, खाईल कधीतरी" म्हणून सोडून देऊ नये, वजन बघत राहावं. आपल्या शहरांतही हल्ली परदेशी साप पाळतात असं ऐकते. त्यांनाही नोंदणीचे नियम आहेत, परिवेश पोर्टलवर. एखाद्या पालकाच्या घरी असेल तर ते तपासून घ्या.

आणि हात धुणं! साप निरोगी दिसला तरी त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. साप, पेटी, गोठवलेले उंदीर, काहीही हाताळलं की साबणाने हात. पाच वर्षांखालच्या मुलांना सापाजवळ नेऊच नये. उंदराच्या वासाच्या हाताने सापाला उचललं तर तो हातालाच घास समजतो, ते वेगळंच.

हे सगळं मी वर्गात सांगितलं ते नागपंचमीच्या धड्याला जोडून. साप दूध पीत नाही हे आपण दर वर्षी सांगतो, पण मुलं म्हणतात, "बाई, मी बघितलंय पिताना." बरोबर आहे, बघितलं असतं त्यांनी. टोपलीतल्या नागाला आधी कितीतरी दिवस पाणीच दिलेलं नसतं. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर आलेलं कुठलंही पातळ पितो, आणि ते दूध त्याला पचत नाही. त्याचे दात काढलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, म्हणजे पुढे तो शिकार करूच शकत नाही. मुलांना शेवईचा वजनाचा तक्ता दाखवल्यावर हे जास्त नीट कळलं असं मला वाटलं. फळ्यावर आम्ही ७ पासून ६.४ पर्यंतचा आलेख काढला आणि ६.३ वर लाल खडूने रेघ मारली. मग पुढचे आकडे भाचीने दर आठवड्याला पाठवले आणि मुलांनी ते ठिपक्यांनी जोडले. दशांश अपूर्णांक तिसरीला नाहीत, पण कोणी तक्रार केली नाही.

बरणीवाल्या मुलाने तास संपल्यावर विचारलं, "बाई, मग माझ्या सापाला पण पालीचा वास लावून दिलं असतं तर त्याने भात खाल्ला असता?"

म्हटलं, नाही रे. तो दिवड. त्याला बेडकाची पिल्लं लागतात, बारीक मासे लागतात. आणि बरणीत तर त्याने तेही खाल्लं नसतं.

"ओढ्यात आहेत ती," तो म्हणाला. "खूप आहेत. मी बघितलीत."